अर्ध्या तासाचं ‘क्रमशः’: ‘ब्लीक हाउस’ छोट्या पडद्यावर कसं आलं

पार्श्वभूमी

चार्ल्स डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ आज जाडजूड ठोकळ्यासारखी कपाटात उभी असते, आणि तिची जाडी पाहूनच पुष्कळजण ती परत ठेवून देतात. तिच्या पहिल्या वाचकांनी मात्र हा ठोकळा पाहिलाच नव्हता. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात त्यांना ती दर महिन्याला एका अंकाने मिळत गेली. ३२ पानं मजकूर, ‘फिझ’ या टोपणनावाने चित्रं काढणाऱ्या हॅब्लॉट ब्राउनची दोन चित्रं, किंमत एक शिलिंग. शेवटचा अंक जोडअंक होता, म्हणून अंक वीस आणि महिने एकोणीस. या सबंध काळात ‘पुढे काय?’ हा प्रश्न घरोघरी जिवंत होता.

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. हरी नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः येत गेली. प्रकरणाच्या तळाशी ‘क्रमशः’ वाचून हळहळण्याची सवय आपल्या आजी-आजोबांना चांगलीच होती.

कादंबरीच्या मध्यभागी ‘जार्नडिस विरुद्ध जार्नडिस’ हा मृत्युपत्राचा खटला आहे. लंडनच्या चॅन्सरी कोर्टात तो पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण इथे माणसं त्या पायरीवरच जन्मतात. एका बाजूला आईबापांचा पत्ता नसलेली एस्थर समरसन, तिच्यासोबत ब्लीक हाउसमध्ये राहायला आलेले रिचर्ड आणि एडा, आणि त्या तिघांना सांभाळणारे जॉन जार्नडिस. दुसऱ्या बाजूला उमरावाची बायको लेडी डेडलॉक. तिचं एक जुनं गुपित आहे, आणि कुटुंबाचा वकील टल्किंगहॉर्न त्या गुपिताचा माग काढत असतो. या दोन टोकांच्या मध्ये रस्ता झाडणारा जो नावाचा पोरका मुलगा, भंगारवाला क्रुक, कारकून गप्पी, सावकार स्मॉलवीड आणि आणखी कितीतरी माणसं आहेत.

ही कादंबरी २००५ साली बीबीसीने पुन्हा मालिका म्हणून आणली. ती कशी घडली आणि ती घडवताना कुठे काय निवडलं गेलं, ते इथे मांडतो. माझ्या मते व्हिक्टोरियन कादंबरी पडद्यावर आणण्याच्या प्रयत्नांत याहून धाडसी निर्णय क्वचितच घेतला गेला असेल. त्या निर्णयाची किंमतही मोजावी लागली, आणि तीही मला तितकीच महत्त्वाची वाटते.

अडचण

पहिली अडचण प्रेक्षकाची होती. ब्रिटनमध्ये अशा मालिकांचा एक साचा बनला होता: तासाभराचे सहा-आठ भाग, सावकाश चाल, सुंदर पोशाख, सुंदर वाडे. ज्यांना कादंबरी आधीच आवडते ते प्रेमाने बघायचे. रोज संध्याकाळी मालिका बघणारा माणूस मात्र तिकडे फिरकत नसे. ‘ब्लीक हाउस’ या साच्यात एकदा बसवून झालीही होती. १९८५ मध्ये बीबीसीनेच ती आठ भागांत केली होती. आर्थर हॉपक्राफ्टची पटकथा, लेडी डेडलॉकच्या भूमिकेत डायना रिग, जार्नडिसच्या भूमिकेत डेनहोम एलियट. चांगलं काम होतं ते. वीस वर्षांनी तेच पुन्हा करण्यात काही अर्थ नव्हता.

दुसरी अडचण कादंबरीतच आहे आणि ती जास्त खोल आहे. ‘ब्लीक हाउस’ दोन आवाज सांगतात. निम्मी गोष्ट एस्थर स्वतः सांगते, मागे वळून पाहत, भूतकाळात, हळू आवाजात. उरलेली गोष्ट एक अनाम निवेदक वर्तमानकाळात सांगतो. तो रागावतो, टोमणे मारतो, धुक्यातून लंडनवर घिरट्या घालतो आणि वेळ आली की थेट राणीला हाक मारून बोलतो. कॅमेऱ्याला घटना दिसतात, चेहरे दिसतात. पण ‘सांगणारा’ कुठून आणायचा?

पर्याय

इतकी मोठी कादंबरी हाती घेणाऱ्यासमोर ढोबळमानाने तीन वाटा असतात.

पहिली वाट दोन-तीन तासांत सगळं आटोपण्याची. त्यात लेडी डेडलॉक आणि एस्थर उरतात, बाकीचं शहर जातं. या कादंबरीत शहर म्हणजे मागचा पडदा नाही. जोच्या अंगातला ताप झोपडपट्टीतून निघून ब्लीक हाउसच्या माजघरापर्यंत पोचतो, आणि कादंबरीचं म्हणणंच ते आहे की या शहरात कुणाचा कुणाशी संबंध नाही असं नाही. शहर गेलं की ते म्हणणंही जातं.

दुसरी वाट रुळलेली, तासाभराच्या भागांची. अँड्र्यू डेव्हिस या पटकथाकाराचा त्यात हात बसलेला होता. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ (१९९४) त्याने त्याच पद्धतीने केली होती. निर्माता नायजेल स्टॅफर्ड-क्लार्कबरोबर अँथनी ट्रोलप या कादंबरीकाराच्या दोन कादंबऱ्यांवरही त्याने काम केलं होतं, २००१ मध्ये ‘द वे वी लिव्ह नाऊ’ आणि २००४ मध्ये ‘ही न्यू ही वॉज राइट’. या वाटेत धोका कमी होता. नवा प्रेक्षकही नव्हता.

तिसरी वाट म्हणजे अर्ध्या तासाचे भाग, आठवड्यातून दोनदा, आणि तेही ‘ईस्टएंडर्स’ या वर्षानुवर्षं चालणाऱ्या लोकप्रिय मालिकेला चिकटून. हे ऐकून अनेकांच्या भुवया वर गेल्या. अभिजात कादंबरीला रोजच्या मालिकेच्या पंगतीत बसवायचं? पण जरा मागे जाऊन पाहिलं तर १९५९ मध्ये बीबीसीने ‘ब्लीक हाउस’ अकरा अर्ध्या तासांच्या भागांतच दाखवली होती. आणि त्याहून मागे गेलं तर मूळ लेखकानेच ती तुकड्या-तुकड्यांनी लोकांच्या हाती दिली होती.

काय केलं

तिसरी वाट धरली. एकूण पंधरा भाग. पहिला तासाभराचा, उरलेले चौदा अर्ध्या तासाचे, म्हणजे साधारण आठ तास. गुरुवारी, २७ ऑक्टोबर २००५ रोजी बीबीसी वनवर पहिला भाग गेला आणि १६ डिसेंबरला शेवटचा. दिग्दर्शन जस्टिन चॅडविक आणि सुझॅना व्हाइट यांनी वाटून घेतलं.

कलाकार निवडताना हाच विचार दिसतो. जिलियन अँडरसनला लोक ‘एक्स-फाइल्स’मुळे ओळखत होते; तिला लेडी डेडलॉक दिली. क्रुकच्या भूमिकेत जॉनी व्हेगास हा विनोदी कलाकार. टल्किंगहॉर्न चार्ल्स डान्स, जार्नडिस डेनिस लॉसन, एस्थर अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिन, आणि एडाच्या भूमिकेत तेव्हा अगदी नवखी असलेली कॅरी मलिगन. छोट्या छोट्या भूमिकांत ओळखीचे चेहरे घालण्याचा फायदा असा की दोन भागांनंतर परतलेलं पात्र प्रेक्षकाला लगेच आठवतं.

डिकन्सने हेच वेगळ्या साधनाने केलं होतं. त्याचा वाचक महिनाभराने परतणार, तोवर पन्नास पात्रं कोण लक्षात ठेवणार? म्हणून प्रत्येकाला त्याने एक लकब दिली, एक ठरलेलं वाक्य दिलं. खुर्चीत गाठोड्यासारखा घसरलेला म्हातारा स्मॉलवीड नातीला ओरडतो, ‘ज्युडी, मला हलव!’ फिल डेव्हिसने ते वाक्य असं काही उचललं की तो दरवाजातून आत येण्याआधीच आपल्याला ऐकू येतो. क्रमशः लिहिणाऱ्याची ही युक्ती दीडशे वर्षांनी जशीच्या तशी उपयोगी पडली. मालिकेच्या लेखकांनी ती वहीत टिपून ठेवण्यासारखी आहे.

चित्रण उच्च-सुस्पष्ट (एचडी) व्हिडिओवर झालं. तेव्हा ते नवं होतं, त्यामुळे कपड्यांची वीण आणि चेहऱ्यावरचा मळ खरा दिसायला हवा होता. डेडलॉकांचा चेस्नी वोल्ड हा वाडा कादंबरीत लिंकनशायरमध्ये आहे. मालिकेत त्यासाठी केंट परगण्यातला कोबम हॉल वापरला. डिकन्स आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत जवळच गॅड्स हिलला राहत असे आणि कोबमच्या बागेत पायी फिरायला जात असे. ज्या झाडांखालून तो चालला, तिथेच त्याच्या लेडी डेडलॉकची गाडी उभी राहिली, हे मला कळलं तेव्हा ते दृश्य पुन्हा लावून बघितल्याशिवाय राहवलं नाही.

कॅमेरा अस्वस्थ ठेवला. एका जागेहून दुसरीकडे जाताना इमारतीचं चित्र दोन-तीन झटक्यांत जवळ येतं, सोबत सुसाट आवाज. अनेकांना ते खटकलं. मलाही पहिल्या भागात खटकलं, तिसऱ्या भागापर्यंत जाणवेनासं झालं. अर्ध्या तासात पाच-सहा ठिकाणी जायचं तर वाड्याच्या कमानीवरून संथपणे फिरायला उसंत नसते.

निर्णयाच्या जागा

तीन जागांवर थोडं थांबतो, कारण प्रत्येक ठिकाणी काहीतरी मिळवण्यासाठी काहीतरी सोडलं गेलं आहे.

पहिली जागा: भाग कुठे तोडायचा? डिकन्सचा अंक कसा संपतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. मे १८५२ चा तिसरा अंक घ्या. टल्किंगहॉर्न क्रुकच्या दुकानावरच्या अंधाऱ्या जिन्याने वर जातो. नेमो नावाच्या गरीब लेखनिकाच्या दारावर थाप मारतो, उत्तर नाही. दार उघडताना त्याच्या हातातली मेणबत्ती विझते. आत काजळीने काळी पडलेली खोली, खाटेवर एक माणूस. त्याचे डोळे उघडे आहेत असं वाटतं. वकील हाक मारतो, लोखंडी शमादान दारावर आपटतो, पुन्हा हाक मारतो. तेवढ्यात खोलीत तेवणारी दुसरी मेणबत्तीही विझते. खिडकीच्या झडपांना पडलेली दोन भोकं तेवढी डोळ्यांसारखी खाटेकडे बघत राहतात. अंक संपला. तो माणूस झोपला आहे की मेला आहे, हे कळायला जून उजाडावा लागला.

नोव्हेंबरचा नववा अंकही तसाच. आपलं मूल जन्मतःच गेलं अशी बहिणीने समजूत करून दिलेली लेडी डेडलॉक, ते मूल जगलं आहे हे कळताच बंद खोलीत गुडघ्यांवर कोसळून आक्रोश करते आणि तिथे पानं संपतात. डिसेंबरच्या अंकाच्या शेवटी तर क्रुक आपोआप पेट घेऊन जळून जातो. जॉर्ज हेन्री ल्युइस या टीकाकाराने यावर शास्त्रीय आक्षेप घेतला आणि डिकन्सने प्रस्तावनेत त्याला उत्तर दिलं. शास्त्र ल्युइसच्या बाजूने होतं. तरीही २००५ च्या मालिकेत क्रुक जळतो, आणि मला ते योग्य वाटतं. जे कोर्ट आतूनच सडून पेट घेईल असं डिकन्सला म्हणायचं होतं, त्याची नक्कल करणारा हा भंगारवाला. लोक त्याला गमतीने ‘लॉर्ड चॅन्सेलर’, म्हणजे त्या कोर्टाचा मुख्य न्यायाधीशच म्हणतात. तो साध्या आगीत मेला असता तर त्याचं मरण नुसता अपघात झाला असता.

अशा जागा डिकन्सने आधीच कोरून ठेवल्या होत्या, म्हणून अर्ध्या तासाच्या भागाला ‘पुढे काय’ बाहेरून चिकटवावं लागलं नाही. तासाभराच्या भागात यातल्या निम्म्या जागा मधेच विरघळतात. पुढचं दृश्य लगेच येतं आणि श्वास रोखायला वेळच मिळत नाही.

दुसरी जागा: टल्किंगहॉर्नचं मन कसं दाखवायचं? डिकन्स त्याला कुणालाच न उघडता येणाऱ्या जुन्या वळणाच्या शिंपल्याची उपमा देतो. तो कुणाशी मनातलं बोलत नाही. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते निवेदक सुचवतो. निवेदक काढला तर हा माणूस मुका होतो. यावर डेव्हिसने क्लॅम नावाचा कारकून निर्माण केला, जो कादंबरीत नाही. टल्किंगहॉर्न त्याला हुकूम देतो, चौकशा करायला पाठवतो, आणि आपल्याला डाव कळतो. नाट्याच्या दृष्टीने हे चोख आहे. पण शिंपला उघडला. कादंबरीत हा माणूस इतका एकटा आहे की त्याच्या छतावर रंगवलेला, बोट रोखलेला रोमन माणूसच त्याचा एकमेव साक्षीदार असतो, आणि शेवटी ते बोट त्याच्याच प्रेताकडे रोखलेलं राहतं. समोर सतत कारकून उभा असला की ती थंडी कमी होते. चार्ल्स डान्सने नजरेनेच पुष्कळ भरून काढलं, हे खरं.

या हिशेबात काही माणसं गळाली. बॅग्नेट कुटुंब नाही, मिसेस स्नॅग्स्बी नाही. बॅग्नेटबाईंची मला फार चुटपुट लागली. छत्री घेऊन पायी निघणारी ती खमकी बाई या काळोख्या पुस्तकातली उबदार जागा आहे.

तिसरी जागा: निवेदकाचं काय करायचं? मालिकेने तो पूर्ण काढला. एस्थरचं निवेदनही काढलं. पहिल्या पानावरचं ते प्रसिद्ध धुकं इथे नाही. पावसात धावणाऱ्या घोडागाडीने सुरुवात होते. एस्थरच्या बाबतीत हे फायद्याचं ठरलं. कादंबरीतली एस्थर स्वतःचं कौतुक नाकारत नाकारत सांगत बसते आणि काही वाचकांना तिचा कंटाळा येतो. पडद्यावर ती कमी बोलते आणि अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिनच्या चेहऱ्यावर सगळं उमटतं, देवीच्या रोगाने तो चेहरा विद्रूप झाल्यावरही.

जोच्या बाबतीत मात्र नुकसान झालं. मे १८५३ च्या अंकात जो मरतो. डॉक्टर वुडकोर्ट त्याला प्रार्थनेचे शब्द सांगतो, तो ते म्हणत म्हणत जातो. मग निवेदक एकदम वळतो आणि राणीला, सरदारांना, सगळ्या बऱ्यावाईट धर्मगुरूंना सांगतो की तो मेला आहे, आणि असेच रोज आपल्या आजूबाजूला मरत असतात. वाचकाने पुस्तक खाली ठेवावं असं ते वाक्य आहे. पडद्यावर मुलगा मरतो, आपल्याला रडू येतं, आणि दृश्य बदलतं. रडू येणं आणि आपल्याकडे बोट रोखलं जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

निष्पत्ती

मालिका गाजली. २००६ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक मिळालं आणि अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं. त्यासाठी जिलियन अँडरसनचंही नामांकन होतं. मायलेकी म्हणून पडद्यावर मोजक्याच वेळा समोरासमोर येणाऱ्या दोघी तिथे एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

अमेरिकेत त्याच वर्षी ‘मास्टरपीस थिएटर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हेच चित्रण सहा मोठ्या भागांत जोडून दाखवलं. तिथेही कौतुक झालं, पण तोडण्याच्या जागा बदलल्या म्हणजे त्या प्रेक्षकाने एका अर्थी वेगळी मालिका पाहिली.

बीबीसीने २००८ मध्ये डेव्हिसलाच घेऊन ‘लिटल डॉरिट’ जवळपास याच साच्यात केली. चौदा भाग, बहुतेक अर्ध्या तासाचे. तिने २००९ मध्ये सात एमी हे अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कार पटकावले. त्यानंतर मात्र ही वाट पुढे चालली नाही. २०११ ची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ पुन्हा तासाभराच्या तीन भागांत आली.

वेगळं काय करता आलं असतं

मी स्वतः ही मालिका दोन प्रकारे पाहिली आहे. पहिल्यांदा डीव्हीडी आणून आईबरोबर. तिने कादंबरी वाचलेली नव्हती. मी ठरवलं की मूळ वेळापत्रकासारखे आठवड्याला दोनच भाग लावायचे. मंगळवारी भाजी निवडताना ती विचारायची, ‘अरे, त्या वकिलाला बाईचं पत्र सापडलं की नाही?’ मला माहीत होतं, सांगितलं नाही. ती स्वतःच तर्क लढवायची आणि लेडी डेडलॉकची बाजू घेऊन माझ्याशी भांडायची. काही वर्षांनी मी एकट्याने शनिवार-रविवारी सगळे भाग सलग पाहिले. अभिनय तोच, पटकथा तीच. पण सुसाट कॅमेऱ्याने डोकं दुखलं, आणि भागांच्या शेवटी मुद्दाम ताणलेला क्षण उगाच वाटू लागला, कारण पुढचा भाग चार सेकंदांत सुरू होत होता. या रचनेत प्रतीक्षा गृहीत धरलेली आहे. ती काढून घेतली की सांधे दिसू लागतात. आज ही मालिका दाखवणाऱ्याने तिचे भाग राखून, दिवस ठरवून दाखवावेत असं मला मनापासून वाटतं.

निवेदकाबद्दल माझं मत ठाम आहे. सगळीकडे आवाज घातला असता तर मालिका रेडिओ झाली असती, तेव्हा तो काढणं बरोबरच. पण एका जागी तो हवा होता. इतके भाग निवेदक बोललाच नसताना, जोच्या खाटेपाशी एक अनोळखी आवाज पहिल्यांदाच ऐकू आला असता तर प्रेक्षक दचकून ताठ बसला असता. तेवढी तीन-चार वाक्यं, आणि मग भाग तिथेच तोडायचा. पुढच्या दृश्यावर जायचं नाही.

क्लॅमच्या बाबतीतही निदान एक संध्याकाळ त्याला घरी पाठवायला हवं होतं. टल्किंगहॉर्न एकटा, समोर त्याची जुनी वाइन, वर छतावर बोट रोखलेला रोमन, आणि एकही संवाद नाही. चार्ल्स डान्सला तेवढं पुरलं असतं.